सगळेच बेचाळीस

न्यूयॉर्कच्या बेसबॉल मैदानात, अगदी वरच्या सज्जात, माझ्यापुढे चौऱ्याऐंशी वर्षांच्या ऑडेसाआजी नातीसह बसल्या होत्या. नातू डॅरियसचा मोठ्या संघातला तो पहिलाच सामना होता. खेळाडू पाठमोरे, ओळीने उभे होते.

“लव्हिनिया, आपला डॅरियस कुठला गं? सतरा क्रमांक दिसेना.”

“आजी, आज पंधरा एप्रिल! जॅकी रॉबिन्सनचा बेचाळीस क्रमांक एरवी कुणालाच मिळत नाही, आज त्याच्या मानासाठी सगळेच घालतात.”

“अगं, मग टाळी कुणाला वाजवू?”

“इतक्या वरून मलाही ओळखू येत नाही.”

“एवढा जाड चष्मा मग शोभेला लावतेस?”

“आजी!”

“सत्तेचाळीस साली, याच तारखेला, जॅकीच्या पहिल्या सामन्यात मी बाबांच्या खांद्यावर होते. विचारलं, ‘यातला जॅकी कुठला?’”

“मग?”

“बाबा म्हणाले, ‘नुसतं बघ, पोरी. विचारावं लागणार नाही.’ तोवर मोठ्या संघांत काळ्यांना घेतच नसत; अख्ख्या मैदानात काळा खेळाडू तो एकटाच.”

“आणि आज...”

“आज सगळ्या रंगांची पोरं. विचारूनसुद्धा आपला सापडेना! हात दे, उठव मला.”

“दिसला डॅरियस?”

“नाही. तू टाळ्या सुरू कर. शेवटचा बेचाळीस आत जाईपर्यंत थांबायचं नाही.”