चुकीच्या पाकिटातली गाणी

जुन्या रेकॉर्डच्या दुकानात मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे एक वयस्कर गृहस्थ, काउंटरपलीकडे दुकानाच्या मालकीणबाई.

"घ्या काका, सगळ्या रेकॉर्ड लख्ख धुतल्या. कंट्री काय, रॉक काय, अंगाई काय, काय काय गायलीय हो ही बाई!"

"आमच्या हिचा भारी जीव या गायिकेवर. हिनेच जमवल्या एकेक करून."

"पण घोळ केवढा! रॉकच्या पाकिटात अंगाई, अंगाईच्या पाकिटात भलतंच. मी बसून सगळ्या ज्याच्या त्या पाकिटात घातल्या."

"सगळ्या?"

"एकूण एक."

"अहो, कशाला हात लावलात?"

"का? चुकलं का काही?"

"ही हाताला येईल त्या पाकिटात कोंबायची. मी बाहेरून ओरडायचो, 'अगं, ती रॉकवाली कुठे घातलीस?' ही आतूनच सांगायची. एकदाही चुकली नाही."

"आणि आता?"

"आता कोणाला विचारणार? ही गेल्यापासून एकेक पाकीट उघडून बघायचो."

"मग बरंच झालं की! आता हात घातला की सापडेल."

"हो ना. एक गाणं शोधता शोधता अख्खी संध्याकाळ जायची माझी."