स्टेअरिंग त्यांचं, घोडा माझा

माझं माहेर चोपड्याकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं खेडं, चारी अंगानं केळी, आणि माझा बाप दुसऱ्याच्या मळ्यात केळीचे घड कापायले जायचा. त्याच्या बठ्ठ्या, म्हणजे साऱ्याच कपड्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग, कितीही घासा, निघत नाहीत, म्हणून आई म्हणे या पोरीले शिलाई शिकवा, धुऊन तर निघत नाही, निदान नवं शिवून देईल. तर मी मावशीकडे शिकले. मावशीचं मशीन सारखं अडायचं, ते अडलं की मावशी डोक्याले हात लावून बसे आणि मी ते खोलून बसायची, आतला दोऱ्याचा गुंता काढायची, तेल सोडायची, आणि काय सांगू तुम्हाले भाऊ, मले शिवण्यापेक्षा त्याच्यातच जास्त गोडी वाटे. लोक समजतात मले ही स्क्रू फिरवायची सवय नानाच्या आजारपणात लागली. तसं नाही. हौस जुनीच शे.

नाना म्हणजे आमचे हे. सारी कॉलनी नाना म्हणते म्हणून मी बी नानाच म्हणते. हे शिंदखेड्याकडचे, घरात अहिराणी बोलणार, केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर, इकडून माल भरला की थेट दिल्ली. लग्न झालं तसे आम्ही इथं जळगावले पिंप्राळ्यात राहिलो, ते गाडीवर, मी मशीनवर, एक मुलगी झाली वैशाली, ती आता नाशिकले कंपनीत शे. नाना घरी आले की आठवडाभराचं बोलणं एका दिवसात बोलायचे, कोणत्या घाटात धुकं पडलं, कोणत्या ढाब्यावरची दाल बिघडली, मी ब्लाउजचे हुक लावत ऐकायची, आणि निम्मं ऐकायची नाही बी, कारण मशीनचा आवाज.

मग तो दिवस आला. आंघोळ करून आले, आरशासमोर शर्टाची गुंडी लावत होते, आणि हात खालीच पडला. मले वाटलं गुंडी तुटली म्हणून खाली वाकले. पाहते तर उजवं अंगच गेलेलं, तोंड वाकडं. दवाखाना झाला, जीव वाचला, पाय ओढत ओढत चालायले लागले, पण उजवा हात आला नाही आणि बोलणं अर्धंच आलं. आणि बाहेर जाणं बंद. कोणी भेटायले आलं की डोळे मिटून झोपल्याचं सोंग करायचे. मी म्हणायची नाना, जरा ओट्यावर तरी बसा, तर भिंतीकडे तोंड. हायवेवरच्या गाडीचा हॉर्न घरात ऐकू येतो ना आमच्या, तो आला की पांघरूण डोक्यावर. जो माणूस दिल्लीपर्यंतचा रस्ता पाठ म्हणून दाखवायचा, त्याले चार घरं पलीकडे जायची लाज वाटायले लागली. मी मशीन चालवत राहायची, पाठ त्यांच्याकडे करून, कारण मले रडू आलेलं त्याहीले दिसायले नको.

वैशाली दिवाळीले आली तर मोठा खोका घेऊन आली. आत रिमोटची गाडी. लहान पोरांची नाही हं, चांगली हातभर लांब, जाड जाड टायर, खड्ड्यात उड्या मारणारी. पप्पा, तुमच्यासाठी आणली म्हणे. नाना त्या गाडीकडे पाहात राहिले आणि मग म्हणे, हाई कसाले लयनी, कशाले आणलं हे, मी काय पोऱ्या शे का. एवढं लांब वाक्य कितीतरी दिवसांनी बोलले आणि ते असं. पोरगी बिचारी स्वयंपाकघरात येऊन रडली.

ती गेल्यावर खोका कोपऱ्यात पडून होता. एकदा दुपारी काम नव्हतं, तर मी सहज ती गाडी काढून पाहिली, चालवायले गेली, घोडा दाबला तशी ती सुटली आणि मशीनच्या पायावर जाऊन आपटली, पुढचं चाक लोंबायले लागलं. रिमोट पिस्तुलासारखा असतो ना त्याचा, बोटाखाली घोडा, तो दाबला की गाडी पळते, आणि बाजूले एक बारकं चाक, ते स्टेअरिंग. आता पोरीले काय सांगू. म्हणून मी मशीनचा पेचकस घेतला आणि जमिनीवर फडकं पसरून गाडी खोलली. आणि भाऊ, आत पाहते तर काय! बारके शॉकअप, त्यात तेल, बारके गिअर, एका गिअरचा दात दुसऱ्यात बसलेला, इतकं सुबक. मी तर रमूनच गेली. चाकाचा दांडा बसवायले लागली, बसेना, जोर लावला, आणि मागून आवाज आला, उलटं शे ते. मी वळून पाहिलं. नाना पलंगावर उठून बसलेले. उलटं शे, फिराव. मी फिरवलं, खट्‌कन बसलं. मग म्हणे दाखव इकडे. मी गाडी मांडीवर नेऊन दिली. डाव्या हाताच्या बोटानं एकेक भाग दाबून पाहिला, मागची चाकं फिरवली, एक चाक धरलं की दुसरं उलटं फिरतं ते पाहिलं, आणि म्हणे, ट्रकसारखीच शे वं बठ्ठी.

तेव्हापासून आमचं सुरू झालं. ते सांगणार, मी करणार. त्याहीले माहीत कोणता भाग कशासाठी, माझ्याकडे दोन हात. ग्रीस इथं लाव, तिथं नको, धूळ धरेल. मी सुईच्या टोकानं ग्रीस लावायची. वायर तुटली तर शेजारच्या गल्लीत इम्रानभाई राहतात, पंपाच्या मोटारी बांधतात, त्यांच्याकडे डाग द्यायले, म्हणजे तार जोडून घ्यायले नेली, तर ते म्हणे भाभी, ही कोणाची, माझ्याकडे पण शे असली. हे आमचं नशीब. मग इम्रानभाई घरी येऊ लागले, आणि आश्चर्य म्हणजे नाना त्यांच्यासमोर झोपायचे नाहीत.

पण चालवायची कशी? एका हातात रिमोट धरायचा, दुसऱ्यानं चाक फिरवायचं, आणि नानाले हात एकच. इम्रानभाई म्हणे घोडा डाव्या हातानं दाबा नाना, स्टेअरिंग भाभी धरतील. नाना एकदम ताठ झाले. स्टेअरिंग माझं. झालं मग. इम्रानभाईंनी रिमोट एका पाटाले पट्टीनं पक्का केला, पाट नानाच्या मांडीवर, चाकावर त्यांचा डावा हात, आणि मी शेजारी बसून घोडा दाबणार. कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर खुर्च्या टाकल्या. त्यासाठी नाना घराबाहेर आले भाऊ, स्वतःच्या पायानं, पाय ओढत. पहिल्या दिवशी आम्ही काय भांडलो! धीरे, धीरे ना, वळणावर कोणी रेस देतं का, ब्रेक दाब. मी म्हणे तुम्ही आधी सांगा ना. म्हणे, तुले दिसत नाही का. गाडी गटारीत. पोरं हसली, बाया हसल्या, आणि नाना बी हसले, वाकड्या तोंडानं, लाळ गळली तरी हसत होते. मी पदरानं पुसली. हळूहळू मले सांगावं लागेना, त्यांचा अंगठा चाकावर जरा दबला की मले समजे आता वळण शे, मी घोडा सोडायची.

धुळ्याजवळ या गाड्यांची हौस असणारे लोक रविवारी सकाळी जमतात, माळावर मातीचे उंचवटे केलेत, तिथं शर्यत लावतात. इम्रानभाई म्हणे चला. नाना नाही म्हणे, मग सकाळी पाहते तर स्वतःच दाढी करून बसलेले, एका हातानं, गालावर कापलेलं. इम्रानभाईंच्या व्हॅनमध्ये पुढं बसले, एरंडोल गेलं, पारोळा गेलं, सारा रस्ता खिडकीबाहेर पाहात. आजारपणानंतर पहिल्यांदा हायवे पाहिला त्याहीनं. मी मागून त्यांची मान पाहात होती.

तिथं गेलो तर जवान पोरं, कोणी डॉक्टर, कोणी दुकानदार. आमचा पाट पाहून एक जण म्हणे, भो, एका गाडीले दोन ड्रायव्हर कसे चालतील? वाईट बोलला नाही तो, नियमच तसा. पण नानाची मान खाली गेली. इम्रानभाई काही बोलणार तेवढ्यात मीच म्हटलं, दादा, दोन कुठं, त्यांचा एक हात आणि माझा एक हात, मोजा ना. तो पोरगा हसला, म्हणे चालवा मावशी, चुकलं माझं.

सुरुवात चांगली झाली, मग दुसऱ्या उंचवट्यावरून गाडी उडाली आणि पालथी पडली, पुढच्या चाकाची खीळ मातीत कुठं उडाली सापडेना. मी धावत गेली, मातीतच बसली. काय करावं? बांगडीले सेफ्टीपिन अडकवलेल्या असतात ना आपल्या, त्यातली एक काढली, सरळ केली, खिळीच्या जागी खुपसली, टोक दातानं वाकवलं. मागं वळून पाहते तर बठ्ठ्यांनी आपापल्या गाड्या थांबवलेल्या. कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही पुन्हा निघालो, चाक लटलट करत, आणि सगळ्यांच्या शेवटी रेघ ओलांडली. नाना म्हणे, गाडी पोहचनी. दिल्लीत माल उतरवला की फोनवर मले एवढंच सांगायचे ते. तेव्हा मी बी रडली, आणि पाठ नाही फिरवली.

आता काय, हात आला नाही. डॉक्टर म्हणतात आता येणार बी नाही, आणि नानानं ते ऐकून घेतलं, मी बी ऐकून घेतलं. औषध सुरू शे, काही दिवस बरे जातात, काही दिवस दुपारपर्यंत बोलत नाहीत. माझं शिवणकाम चालू शे, बाया ब्लाउजसोबत पोरांची तुटकी खेळणी बी आणून देतात, मी ठेवून घेते. सध्या आम्ही दुसरी गाडी जोडतोय, वैशालीनं सुटे भाग पाठवले, तिच्यावर घालायले मी बारकी ताडपत्री शिवली, आणि रंगावरून रोज भांडण, त्याहीले निळा पाहिजे, मले पिवळा. पिवळा चांगला दिसतो की नाही, तुम्हीच सांगा.

हे पहा, नाना हाक मारून राहिले. प्लॉटवर ऊन उतरलं असेल. तुम्ही चहा संपवा भाऊ, उठू नका, घाई नका करू. देव तुमचे हातपाय चालते ठेवो, आणि घरात भांडायले कोणी असू देवो. येते मी.