लांडगा रडत नसतो

कातडीच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या शिंपीणबाईंना मागच्या बाकावरच्या बहीणभावाचं बोलणं ऐकायचं नव्हतं, पण कान काही मिटता येत नाहीत.

“थोबाड बघ आरशात! नुसतं सोलून निघालंय.”

“केस चिकटवायचा गोंद बाधला, ताई. सिनेमात नरलांडगा आहे ना मी, माणसाचा लांडगा झालेला.”

“वाक्यं किती?”

“एकही नाही. गुरगुरायचं आणि शेवटी गोळी खाऊन मरायचं.”

“कप्पाळ! अरे, आजीच्या गोष्टीतला लांडगा स्वतःचे पंजे बघून ढसाढसा रडायचा. बायकोनं नावानं हाक मारली की परत माणूस व्हायचा.”

“तेच सांगितलं दिग्दर्शकाला. म्हणाला, लांडगा रडत नसतो.”

“मग?”

“मी रडलो. कॅमेरा चालू असताना. गालावरचे केस सुटून हातात आले.”

“धन्य आहेस बाबा! पुढे?”

“पुढे काय, त्यांनी दुसरा गोंद आणला, जहाल. त्यानंच हे झालं.”

शिंपीणबाईंनी मागे वळून पाहायचा मोह कसाबसा आवरला.

“परत कधी आहे शूटिंग?”

“उद्या. तोच प्रसंग.”

“मग उद्याही रड, मेल्या. चांगला हुंदके देऊन रड.”