पाच तारखेचा नवरदेव

माझ्या रोजनिशीत एकाच दिवसाच्या तीन तारखा बघून हसता, खुशाल हसा. पण मी सोलापुरास मुलगी बघायला गेलो, तेव्हा तुम्ही असायला हवं होतं.

मुलगी मला आधीच पसंत होती. हुमनाबादच्या जत्रेत तिला पाहिली होती. मी तिच्या वडलांना पत्र टाकलं, "पाच तारखेला येतो." आमच्याकडे निजामाचं राज्य, त्यामुळे तारीख फसली, म्हणजे निजामाच्या फसली सनाची. सोलापुरात इंग्रजांचं राज्य, तिथली तारीख इंग्रजी. हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

आम्ही पोचलो, तर ओसरीवर दुसराच नवरदेव पोहे खात बसलेला!

"पाच तारीख होऊन चार दिवस झाले," मुलीचे वडील म्हणाले. "शिरा करून दिवसभर तुमची वाट बघितली. शेवटी आम्हीच खाल्ला."

माझ्यासोबत आलेले आमचे अप्पा तापले. "न्हाई हो, आज पाचच हाय! तुमच्याच तारखा कामून पुढं पळायल्यात?"

"बरं, पुढची मुलगी तुमच्या तारखेनं जन्माला घालतो."

तेवढ्यात मुलगी पाणी घेऊन आली आणि माझ्यापुढे तांब्या ठेवताना हळूच म्हणाली, "पत्रातलं अक्षर छान होतं. तारखेपुढे महिनासुद्धा मावला असता."

तिचं लग्न त्या पोहेवाल्याशी झालं. मला पत्रिका आली. तिच्यावर फसली तारीख, इंग्रजी तारीख आणि तिथी, तिन्ही महिन्यासकट ठळक छापलेल्या.

त्या लग्नाला मी अगदी वेळेवर पोचलो.