होडीवालीचं पारायण

बोला मंडळी, गळा मोकळा करून एकदा — नारायण, नारायण, नारायण! मागच्या खांबापाशी बसलेल्यांचा आवाज आला नाही. अजून एकदा! — हां, आता पोचलं वरपर्यंत.

आज आख्यानाच्या आधी तुम्हाला एकच प्रश्न घालतो. जी गोष्ट सोडवत नाही, ती माणसाला बुडवते का तारते? सांगा! हसू नका. हो, मी त्याच्याबद्दलच बोलतोय, तुम्ही बरोबर ओळखलंत. एक भाग संपतो, पडद्याच्या कोपऱ्यात आकडे उलटे पळायला लागतात, पुढचा भाग आपोआप सुरू होतो, आणि दूध उतू जातंय हे ठाऊक असून आपण उठत नाही! काय नाना, तुमचं होतं का असं? — बघा, पेटीचा भाताच थांबला! होतं म्हणायचं.

आता तुम्ही म्हणाल, बुवा आज टीव्हीला शिव्या घालणार. घालणार होतो! मागच्या वर्षी घातल्यासुद्धा. पण मधे तासगावात एक गोष्ट कानावर आली, आणि तेव्हापासून माझी जीभ रेटत नाही. ऐका मंडळी, नीट ऐका.

तासगावात दामूअण्णा म्हणून एक गृहस्थ होते. सायकलीचं दुकान. दिवसभर पंक्चरी काढायच्या, चेन चढवायच्या, आणि दिवेलागणीला हातपाय धुऊन पोथी वाचायला बसायचं. ऐकायला कोण? त्यांची बायको, इंदुमती. लग्न झाल्यापासनं हा नेम! अण्णांनी वाचायचं, इंदुमतीबाईंनी ऐकायचं. बाईंनी जन्मात कधी पोथीला हात लावला नाही. लावायची गरजच काय? वाचणारा होता ना घरात!

आणि त्या घरात पोथीचे दोन नियम होते. पहिला — पोथी झाल्याशिवाय जेवण नाही. दुसरा तुमच्यातल्या जुन्या माणसांना ठाऊक असंल. पोथी अमंगळावर ठेवायची नाही! म्हणजे काय? समजा अध्याय संपला, आणि पोथीतला माणूस रानात एकटा पडलाय, वणव्यात सापडलाय, बायको धाय मोकलून रडतीय — तिथं पोथी मिटायची नाही. त्याला तसा टाकून आपण भाकरी खायला बसायचं? छ्या! अण्णा पुढच्या अध्यायाच्या ओव्या वाचत सुटायचे. तो माणूस वणव्यातनं बाहेर आला, सावलीला टेकला, की मग पोथी मिटायची. आमटी कितीदा गार झाली असंल, देवाला ठाऊक!

असे हे अण्णा फाल्गुनात गेले. दुकानातच खुर्चीत बसल्या जागी मान टाकली.

आणि इंदुमतीबाई गप्प झाल्या. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत, गप्प झाल्या. हळूहळू जेवण सुटलं. आधी भाकरी सुटली, मग भात. नुसती वाटीभर पेज, तीही सून मागं लागली तर. मुलगा सुहास, सून वृषाली — दोघं गुणाची हो! डॉक्टरला दाखवून झालं, तपासण्या झाल्या. शेवटी डॉक्टर सुहासला बाजूला घेऊन म्हणाले, "शरीराला काही झालेलं नाही. पण यांनी मनानं ताट बाजूला सारलंय. असंच चाललं तर फार दिवस नाहीत."

काय करावं? पोथी लावावी? सुहास पोथी घेऊन बसला, दोन ओव्या वाचल्या, आणि आईनं भिंतीकडं तोंड केलं. तो आवाज अण्णांचा नव्हता ना! परत कुणी पोथीचं नाव काढलं नाही.

मग वृषालीनं ठरवलं, आईंना टीव्हीवर काहीतरी लावून द्यायचं. एखादी चांगली सिरीयल. मन गुंतलं तर गुंतलं! मंडळी, चांगली सिरीयल शोधणं म्हणजे काय, हे त्या पोरीला विचारा. सगळी गल्ली सल्ले द्यायला उभी! शेजारच्या काकू म्हणाल्या, ती सासूसुनेची लाव. लावली. त्यातल्या सासूनं सुनेच्या खिरीत काहीतरी कालवलं, आणि इंदुमतीबाईंनी वृषालीकडं असं बघितलं, की तिनं घाईनं बंदच केली! देवादिकांची लावली. त्यात देवांच्या ओठाला इतका रंग, की बाईंनी डोळे मिटले. खुनाची लावली — पहिल्याच मिनिटाला मुडदा! छे. स्वयंपाकाची लावली. अहो, जिनं जेवण सोडलंय तिला स्वयंपाक दाखवायचा? पण पोर तरी काय करणार? हाताला येईल ते लावत होती.

आणि एका सकाळी — सुहास कामावर गेलेला, कुकर लावायचा होता — कुठलं बटण दाबलं गेलं तिलाच कळलं नाही. पडद्यावर समुद्र आला. करडा, गार समुद्र. बेटावरचं एक गाव, दगडाची घरं, वारा नुसता भणाणतोय. आणि एक बाई दारात बसून जाळं विणतीय. बोलतात त्या भाषेचं एक अक्षर कळत नाही! खाली इंग्रजीतनं ओळी पळतात, तेवढंच.

वृषाली बदलायला गेली, तर बघते काय — आई भिंतीकडं नाही, पडद्याकडं बघतायत! तिनं रिमोट खाली ठेवला. सासूला इंग्रजी येत नाही. मग काय केलं तिनं? शेजारी बसली, आणि खालच्या ओळी वाचून मराठीत सांगायला लागली. "आई, ही म्हणतीय, आज वारं बरं नाही, जाऊ नका. नवरा म्हणतोय, दुपारपर्यंत येतो."

मंडळी, लक्षात येतंय का काय चाललंय? एकजण वाचतंय, एकजण ऐकतंय! त्या दोघींच्याही ध्यानात आलं नाही हो. पण बसल्या कशा, तर अगदी तशाच!

त्या बाईचं नाव काहीतरी लांबलचक होतं, माझ्या जिभेला झेपत नाही. आपण तिला होडीवाली म्हणू. तर होडीवालीचा नवरा समुद्रात गेला, वादळ उठलं, होडी आडवी झाली, त्याचा एक हात पाण्यावर दिसला — आणि पडदा काळा! भाग संपला.

वृषालीनं रिमोट उचलला. कुकर राहिला होता ना! एवढ्यात तिच्या मनगटावर हात पडला. आणि आवाज आला.

"अगं, तो बुडतोय. इथं ठेवायचं नसतं."

अंगावर काटा येतो, मंडळी! फाल्गुनापासनं ज्या बाईच्या तोंडातनं शब्द फुटला नव्हता, ती बोलली! कुणासाठी? कुठल्या परक्या देशातल्या कुठल्या कोळ्यासाठी! देवा नारायणा, तू कुठल्या दारानं कुणाच्या घरात शिरशील, हे आम्हा बुवांनासुद्धा कधी कळायचं नाही!

वृषालीला रडू फुटलं, पण पोर शहाणी. ती म्हणाली, "लावते आई, पुढचा लावते. पण दोन घास खाऊन घ्या ना आधी."

तर इंदुमतीबाई काय म्हणाल्या? "असं कसं? मंगल आलं की जेवते."

झालं! घरचा नियमच तो. पोथी आधी, ताट मागनं. वृषालीला वाटलं, सोपं आहे! पुढच्या भागात नवरा सापडंल, किनाऱ्याला लागंल, की आई जेवतील. लावला पुढचा भाग.

आता मला सांगा, तुम्ही एवढ्या सिरीयली बघता, भाग कधी मंगलावर संपतो का? कधीच नाही! तो धंदाच तसा! तिथले लिहिणारे फार बेरकी. गाठ पडायची वेळ आली, की पडदा काळा! आपला पोथी लिहिणारा बिचारा अध्यायाच्या शेवटी हात जोडतो, हे अध्यायाच्या शेवटी गळा आवळतात! आणि ह्या सासूसुना भोळ्या, पोथीचा नियम घेऊन त्यांच्या तावडीत सापडल्या!

होडीवाली नवऱ्याला शोधायला निघाली. बरोबर कोण? नवऱ्याची धाकटी बहीण, पोरसवदा नणंद. एका बंदरात कुणी सांगितलं, असा माणूस बघितला. धावत गेल्या — तो दुसराच! पडदा काळा. "पुढचा लाव गं." दुसऱ्या बंदरात दवाखान्यात कुणी कोळी पडलाय म्हणाले. दार उघडलं — खाट रिकामी! पडदा काळा. "लाव गं, तिला तिथं उभी नको ठेवूस." दुपार झाली. वृषालीचा घसा बसला. तिनं स्वतःही काही खाल्लं नव्हतं. सासू उपाशी, सून कशी खाणार? आईंनी जेवणाची गाठ या होडीवालीशी बांधलीय, आणि हिचा नवरा काही सापडायला तयार नाही! मनातनं देवाला म्हणतीय, सापडू दे रे बाबा त्या मेल्याला एकदाचा!

दिवेलागण झाली. सुहास कामावरनं आला. दार उघडतो तर घरात दिवा नाही, चुलीवर काही नाही, आणि आतनं आवाज येतोय. "अगं वाच ना, काय म्हणाली ती?" आईचा आवाज! तो दारातच उभा राहिला. डोक्यावरचं हेल्मेट काढायचंसुद्धा सुचलं नाही.

शेवटचा भाग चालू होता. शेवटच्या बंदरात एका म्हाताऱ्यानं पेटीतनं एक कोट काढला. नवऱ्याचा कोट! होडीची फुटकी फळी. बस्स. माणूस नाही. होडीवालीनं तो कोट छातीशी धरला, आणि चालत सुटली. किनाऱ्यावर आली. थांबली नाही. पाण्यात शिरली. घोटा, पोटरी, गुडघा — ती पुढं चाललीय, मंडळी, पुढंच चाललीय! आणि पडदा काळा.

वृषालीनं रिमोट धरला, पण पुढचा भाग लागेना. पांढरी अक्षरं आली. तिनं ती मनातच वाचली.

"वाच की गं," सासू म्हणाली.

"आई…"

"वाच."

"पुढचं… पुढच्या वर्षी दाखवणार आहेत, आई."

विचार करा, मंडळी! दिवसभर पोथी वाचली, आणि पोथी अमंगळावर येऊन थांबली. पानच नाही पुढं! वृषाली हुंदके द्यायला लागली. आता ह्या परत भिंतीकडं तोंड करणार. आता संपलं. दारात सुहास तसाच उभा.

आणि इंदुमतीबाई, काळ्या पडद्याकडं बघत बोलायला लागल्या!

"पाणी फार गार आहे. गुडघ्याला लागलंय. तिला वाटतंय, जावं. त्याच्याकडंच तर जायचंय, दुसरीकडं कुठं जायचंय?"

ह्या कुणाचं सांगतायत, हे वृषालीला कळलं.

"पण मागनं हाक येते. ती नणंद किनाऱ्यावर उभी आहे. दिवसभर हिच्यामागं हिंडलीय बिचारी, उपाशी. ती ओरडत नाही. परत ये म्हणत नाही. एवढंच म्हणते — वहिनी, मला गार लागतंय."

मग म्हणाल्या, "आता कशी जाईल सांग बरं ती पाण्यात? पोरीला गार लागतंय. ती मागं वळते. तो कोट ह्या पोरीच्या अंगावर घालते. घरी येतात. चूल पेटवते."

"आणि तो?" वृषाली लहान पोरीसारखी म्हणाली. "आई, तुम्हीच सांगताय ना, मग त्याला परत येऊ द्या ना!"

मंडळी, आहे का नाही खरं? गोष्ट हातात होती त्यांच्या! एका शब्दानं नवरा दारात उभा करता आला असता. कोण अडवणार होतं? जन्मभर नुसती ऐकणारी बाई आज सांगणारी झालेली, आणि सांगणाऱ्याच्या हातात सगळं असतं. अशा वेळी तुम्ही काय केलं असतं? मी तर आणला असता हो! वाजतगाजत आणला असता!

इंदुमतीबाईंनी वृषालीचा हात हातात घेतला.

"नाही गं," त्या म्हणाल्या, "तो गेला. फाल्गुनातच गेला."

त्या बेटावर कुठला आलाय फाल्गुन, मंडळी! कुठला आलाय! — नाना, जरा थांबा, सूर नका धरू. मलाच जरा श्वास घेऊ द्या.

"तो गेला," त्या म्हणाल्या, "आणि ह्या दोघी भात टाकतात. समोरासमोर बसून जेवतात. इथं ठेव आता. हे मंगल आहे."

तेव्हा कुठं डोळ्यांना धार लागली त्या माउलीच्या. आणि सुहास? तो तसाच, डोक्यावर हेल्मेट घेऊन, स्वयंपाकघरात गेला आणि भात टाकला! वरण करायचं भान कुणाला? मऊ भात, वर तूप, बस्स. तिघं जमिनीवर बसले. आईनं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि मान वर करून लेकाला म्हणाल्या —

"मीठ विसरलास रे!"

सुहास मला सांगत होता, "बुवा, जन्मात कुणी माझ्या कामात एवढी चांगली खोट काढली नव्हती." सांगताना रडत होता आणि हसत होता.

आता बघा, मंडळी. ती सिरीयल कुणी लिहिली? त्या देशातल्या माणसानं. त्याला तासगाव ठाऊक आहे? त्यानं पडदा काळा केला तो तुम्हाआम्हाला तंगवायला. आणि त्याच काळ्या पडद्यात एका बाईला आपली जागा सापडली! हे कुणाचं काम? मी पोथ्या वाचून थकलो, मला सांगता येत नाही. मी नुसते हात जोडतो.

पण एक सांगतो, आणि हे तुम्हालाच सांगतो. तुम्ही, कडेला बसलेले, मघापासनं मांडीखाली मोबाईल चमकतोय तुमचा! घरी जा, बघा हवं ते, रात्रभर बघा. माझी ना नाही. पण कानात ती बोंडं घालून एकट्यानं बघू नका हो. तुमच्या घरात कुणीतरी ताट बाजूला सारून बसलंय. आई असंल, बाप असंल, बायको असंल, तोंडानं सांगणार नाही. ते कोण आहे, हे या क्षणाला तुम्हाला ठाऊक आहे. बघा, नजरा खाली गेल्या! त्याच्या शेजारी जाऊन बसा, आणि खालच्या ओळी मोठ्यानं वाचून दाखवा.

बोला — नारायण, नारायण!

आणि प्रसाद घेऊन इथं रेंगाळू नका. जा, कुणीतरी जेवायचं थांबलंय.