मान हलवली आणि बायोप्सी ठरली

नाही, पण मला सांगा, "कळलं का?" असं माणसाने माणसाला विचारावंच कशाला? आणि तेही डॉक्टरने! नाही म्हणायला जीभ उचलते का हो कोणाची? टेबलापलीकडे भिंतभर सर्टिफिकिटं, शेजारी बायको, बाहेर चौदा नंबर ताटकळत बसलेले, आणि तुम्ही म्हणणार, "नाही बुवा, कळलं नाही"? छे! मी मान हलवली.

तुम्हाला सांगतो, ही माझी कमाईची मान आहे. शाळा सुटली सातवीत. बटणं, चेन, लेस, इलॅस्टिक, अस्तर... एकतीस वर्षं दुकान चालवलं ते या मानेच्या जोरावर. कंपनीचा माणूस येतो, बॅग उघडतो, "शेठ, हे रेझिन, हे युरिया, हे नवीन कंपोझिट..." मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण ते चेहऱ्यावर दिसलं की भाव दुप्पट! तेव्हा मान हलवायची, हूं म्हणायचं, आणि तो गेला की बटण दाताखाली धरायचं, काडी लावून वास घ्यायचा, चार जणांना गुपचूप विचारायचं. माझं सगळं शिक्षण असंच झालं, शिकवणारा निघून गेल्यावर.

तर बायकोची पाळी सात महिने धड येत नव्हती. म्हणजे येत होती, जातच नव्हती! मला कधी कळलं? ती जिन्यात बसली तेव्हा. दोन मजल्यांत दोनदा. "अगं, काय होतंय?" "काही नाही, जरा दम लागला." सात महिने हे "काही नाही"! आणि मी, दिवसभर बायकांशीच बोलणारा माणूस, कोणत्या ब्लाउजला कोणता हुक ते न बघता सांगणारा... मला घरातलं दिसलं नाही. असो.

डॉक्टरीणबाई भल्या, पण बोलण्याचा वेग असा की लेस गुंडाळायचं मशीन! "यांच्या गर्भाशयात फायब्रॉइड आहे, बेचाळीस मिलिमीटर." मी मान हलवली. "एंडोमेट्रियम जाड दिसतंय." मान. "हिमोग्लोबिन आठ." मान. "मेनोपॉज जवळ आला की असे बदल होतात, तरी बायोप्सी करून घेऊ, पुढे गरज वाटली तर हिस्टेरेक्टॉमीचा विचार. चालेल ना? काही विचारायचंय?" "नाही नाही, सगळं क्लिअर आहे!" क्लिअर! डोक्यात नुसता धाग्यांचा गुंता, आणि म्हणे क्लिअर!

आता गंमत बघा. बायको डॉक्टरीणबाईंकडे बघतच नव्हती, ती माझ्या मानेकडे बघत होती! बाकी शब्दांना मान पटापट हलली, 'बायोप्सी'ला जरा हळू, कारण तो एकच शब्द मी आधी ऐकलेला. आपण सगळ्यांनीच ऐकलेला असतो, कुणाला तरी हॉस्पिटलात भेटून परत येताना, खालच्या आवाजात. तिने ती हळू हललेली मान पाहिली आणि मनाशी काय ठरवायचं ते ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, "अहो, जरा इकडे या. मशीनचं हे बटण दाबायचं, ते नाही. लोकरीचं यात टाकायचं नाही. विम्याचे कागद या डब्यात. आणि लेक फोनवर रडायला लागली की लगेच गप्प करायचं नाही तिला, रडू द्यायचं." मी काय केलं? मान हलवली! एकतीस वर्षांत एवढी माहिती मला कुणी आपण होऊन दिली नव्हती, आणि त्यातली एकही गोष्ट मला नको होती हो...

दुकानात गेलो, रिपोर्ट काउंटरखाली उघडला, फूटपट्टी काढली. बेचाळीस मिलिमीटर. खण उघडून बघतो तर ओव्हरकोटाचं सगळ्यात मोठं बटण अडतीस! म्हणजे एवढा साइज मी दुकानातसुद्धा ठेवत नाही, आणि हिच्या पोटात तो बसलाय! ते बटण हातात घेऊन उभा होतो, तेवढ्यात आल्या सिस्टर. हॉस्पिटलात तीस वर्षं काढून रिटायर झालेल्या, दर महिन्याला इलॅस्टिक न्यायला येतात.

"शेठ, बटण बघून रडायला काय झालं?"

रिपोर्ट त्यांनी ओढूनच घेतला. चष्मा लावला, वाचला, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच आजारी आहे. "फायब्रॉइड म्हणजे पिशवीतली गाठ. बहुतेक साधीच असते. कितीतरी जणींना असते, अर्ध्यांना पत्ताही नसतो. एंडोमेट्रियम म्हणजे पिशवीचं आतलं अस्तर. अस्तर विकता ना? हिस्टेरेक्टॉमी म्हणजे पिशवी काढणं, आणि ते कुणी लगेच करा म्हणालेलं नाही."

"आणि बायोप्सी?" मी विचारलं.

"तुम्ही नवीन तागा आला की कोपरा कापून पाण्यात घालता, रंग जातो का बघता. हो ना? तेच. कोपरा कापला म्हणजे रंग गेला, असं होतं का? आता वाईट काही नसेलच, असं मी सांगणार नाही. पण 'तपासू' म्हणजे 'आहे' असंही नाही. हे डॉक्टरांना का नाही विचारलंत?"

"मी मान हलवली."

"शाब्बास! आणि बायकोला विचारलंत? किती रक्त जातं, त्यात गाठी पडतात का, चक्कर येते का?"

माझी मान आडवी हलली. त्यांनी इलॅस्टिक न घेताच मला दुकानाबाहेर काढलं. माझ्याच दुकानाबाहेर!

घरी आलो तर ही डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसलेली. सगळं सांगितलं. तागा, कोपरा, अस्तर, सगळं. तिने ऐकलं. मग म्हणाली, "मग काल एवढी जड मान कशाला हलवलीत?"

"काही कळलं नाही म्हणून!"

आधी हसली. मग रडली. मग डब्याचं झाकण माझ्या अंगावर आलं. "आणि मी वेडी तुम्हाला कपडे धुवायला शिकवतेय!" त्या दुपारी मी तिला सिस्टरांचे सगळे प्रश्न विचारले. उत्तरं ऐकली आणि तुम्हाला सांगतो, ती मी इथे सांगणार नाही. एवढंच की ती सात महिने ऑफिसात काळीच साडी नेसून जात होती, आणि मला वाटलं, आवडता रंग असेल.

बायोप्सी झाली. निकालाच्या दिवशी हिच्या हातात कागद, त्यावर अकरा प्रश्न. मी उठलो तर म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा. तुमची मानही."

बसलो. पाऊण तास! भिंतीवरचं गर्भाशयाचं चित्र मला पाठ झालं. शेवटी दार उघडलं आणि ही आली, कागद प्रश्नांपेक्षा उत्तरांनीच जास्त भरलेला.

"अस्तरात वाईट काही नाही. गाठ साधी आहे. लोहाच्या गोळ्या, रक्त कमी जायच्या गोळ्या, तीन महिन्यांनी परत सोनोग्राफी. पिशवी काढायची की ठेवायची ते तेव्हा बघू, आणि ते मी ठरवणार."

मी भिंतच धरली. म्हटलं, "बरं... आणि मी काय करू?"

"तुम्ही? तुम्ही टॅक्सी थांबवा."

थांबवली. काय करणार!