साहेब कालपासून कार्यमुक्त

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या मास्तरीणबाई शेजारच्या नवरा-बायकोचं बोलणं ऐकता ऐकता कळ विसरल्या.

“रिलीव्हिंग लेटर मिळालं ना? सोमवारी नव्या ऑफिसात दाखवायचंय.”

“हे काय, खिशात. मीच टाइप केलं. सगळ्यांची मीच करतो, मग माझं कोण करणार?”

“तारीख?”

“कालची. शेवटचा दिवस भरल्याशिवाय मी कुणालाच तारीख घालून देत नाही. स्वतःलासुद्धा नाही!”

“मोठे आले नियमवाले! बघू... अहो, वर तर साहेबांचं नाव आहे. तुमचं खाली, सहीपाशी.”

“काहीतरीच! साहेबांनी सही केलीय त्यावर.”

“न वाचता ठोकलीय. तुम्ही त्यांनाच कामावरून मोकळं केलंत!”

“मेलो! त्यांचाच फोन वाजतोय.”

“उचला. स्पीकरवर टाका.”

“हॅलो साहेब, ते पत्र जरा...”

“फाइलमधली प्रत आत्ता वाचली. ‘शांत, मनमिळाऊ, कधी कुणावर आवाज चढवला नाही’! मी?”

“साहेब, चूक झाली. दुसरं करतो.”

“करा, संध्याकाळी सही देतो. पण हे फाडू नका हं. बायकोला दाखवायचंय.”